परसबागेचे प्रश्न : मे महिन्याचं पाणी आणि कोपऱ्यातलं फावडं

होळी झाली की खानदेशातून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, नळाचं पाणी लांबतं आणि बागेची चिंता सुरू होते. या वेळच्या पत्रांमध्ये निम्मे प्रश्न पाण्याचे होते आणि निम्मे अवजारांचे. त्यातले ज्यांची उत्तरं बहुतेकांच्या कामी येतील, असे निवडून इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. गच्चीवर बारा इंची चौदा कुंड्या आहेत. मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीला अर्धा तांब्या पाणी घालते, तरी दुपारी झाडं माना टाकतात. पाणी वाढवू का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आधी हे बघा की माना कधी टाकतात आणि कधी उचलतात. मे महिन्यात दुपारी तीनला जास्वंदीची मऊ पानं लोंबणं हे दर वेळी तहानेचं लक्षण नसतं. मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून झाड तेवढ्यापुरतं ढिलं पडतं. संध्याकाळी सात-साडेसातला, पाणी न घालताच, पानं ताठ झाली तर पाणी पुरेसं आहे. सकाळी सहालाही पानं लोंबलेलीच दिसली तर मात्र मुळांपाशी खरोखर कोरड आहे. किंवा उलट, मुळं सडली आहेत. दोन्हींत पानं सारखीच दिसतात, म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. वर कोरडं आणि खाली गार ओल लागली तर त्या दिवशी हात आवरा.

तुमच्या बाबतीत आम्हाला दुसरीच शंका आहे. अर्धा तांब्या पाणी बारा इंची कुंडीत वरच्या दोन-अडीच इंचांतच जिरतं आणि दुपारपर्यंत उडून जातं. खालची माती दिवसेंदिवस वाळत जाते, आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. एकदा ती फट पडली की तुम्ही तांब्याच काय, बादली ओतली तरी पाणी कडेने घरंगळून तळाच्या भोकातून बाहेर पडतं. तळातून पाणी आलं म्हणजे कुंडी भिजली, असा समज होतो आणि मधला मातीचा गोळा ठणठणीत कोरडा राहतो. कोकोपीट जास्त घातलेल्या कुंड्यांत हे हमखास होतं, कारण कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झटकन शोषत नाही.

उपाय असा. एका सकाळी कुंडी टबात ठेवा, कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि अर्धा-पाऊण तास राहू द्या. वरची माती काळसर ओली दिसायला लागली की काढा. कडेची फट माती आणि शेणखत यांच्या मिश्रणाने दाबून बुजवा. त्यानंतर रोज एकदाच, पण दीड ते दोन लिटर पाणी द्या आणि ते दोन हप्त्यांत द्या. आधी अर्धं घालायचं, चौदाही कुंड्यांची एक फेरी पूर्ण करायची, मग परत पहिलीपासून उरलेलं. पहिल्या पाण्याने माती फुगते आणि दुसरं पाणी आत जिरतं.

हिशोब करा. चौदा कुंड्यांना दिवसाला २० ते २८ लिटर, चार दिवसांना ८० ते ११०. म्हणजे २०० लिटरचा एक ड्रम बागेपुरता वेगळा ठेवलात की नळाची वाट बघायची गरज उरत नाही. ड्रम सावलीत ठेवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारनंतर हाताला चटका देईल इतकं तापतं. ते तसंच मुळांवर घातलं तर कोवळी मुळं भाजतात. संध्याकाळी पाणी देणार असाल तर ते निवू द्या. आमच्या मते सकाळी आठच्या आतलं पाणी सर्वांत चांगलं. संध्याकाळी पाइपने गच्चीभर जो शिडकावा होतो, त्याने मातीचा वास छान सुटतो, पण मुळांना काही मिळत नाही, आणि गुलाबाची पानं रात्रभर ओली राहिली तर काळे ठिपके येतात.

पाण्याइतकाच त्रास गच्चीच्या स्लॅबचा. कुंड्या विटांवर उचलून घ्या, एकमेकींना खेटून ठेवा, दणकट झाडं पश्चिमेच्या बाजूला आणि नाजूक मध्ये. वर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी एप्रिल-मेपुरती बांधली तरी पाण्याची गरज डोळ्याला दिसेल इतकी कमी होते.

प्रश्न : परसात सात वर्षांचं कागदी लिंबाचं झाड आहे. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बुंध्याशी आळं करून एक दिवसाआड पाइप सोडून ठेवतो. आता बुंध्यातून डिंक यायला लागला आहे आणि पानं पिवळी पडत आहेत. (एक वाचक, चोपडा)

उत्तर : हा डिंक्या आहे, आणि तो तुमच्या आळ्यानेच आणला आहे. लिंबाच्या बुंध्याला पाणी सतत लागून राहिलं की जमिनीतली बुरशी सालीत शिरते. खालून साल काळपट होते, चिरते आणि डिंक पाझरतो. लिंबाची अन्न-पाणी घेणारी मुळं बुंध्याशी नसतातच. ती फांद्यांच्या घेराखाली, वरच्या दीड-दोन फुटांत पसरलेली असतात. बुंध्यापाशी ओतलेलं पाणी झाडाच्या उपयोगी कमी आणि बुरशीच्या उपयोगी जास्त पडतं.

आळं मोडा आणि दुहेरी बांगडी करा. बुंध्याभोवती दीड-दोन फुटांवर मातीचा वरंबा घाला आणि आतली जागा बुंध्याकडे उंच, बाहेर उतरती ठेवा. ही आतली बांगडी कायम कोरडी राहिली पाहिजे. दुसरा वरंबा फांद्या जिथे संपतात त्याच्या थोडा बाहेर. पाणी या दोन वरंब्यांच्या मधल्या पट्ट्यात. झाड वाढेल तसा बाहेरचा वरंबा दर वर्षी सरकवायचा. बहुतेक घरी लावणीच्या वेळचं आळं तसंच राहतं आणि झाड त्याच्या चौपट होतं.

किती पाणी? ढोबळ हिशोब असा : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमच्या झाडाचा घेर अडीच मीटर व्यासाचा धरला तर जागा होते सुमारे पाच चौरस मीटर. आपल्याकडच्या मे महिन्यात अशा झाडाला दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा, म्हणजे २५ ते ३० लिटर. काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून रोज देण्याऐवजी चौथ्या दिवशी १०० ते १२० लिटर द्या. पाइपचं पाणी मोजायचं तर दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे झाडाला आठ मिनिटं पुरे. पाइप सोडून जेवायला बसणं बंद करा.

भेगांचं वेगळं बघावं लागेल. भेग मोठी असताना पाणी सोडलं तर ते मुळांच्या थराला वळसा घालून सरळ खाली जातं. आधी कुदळीने किंवा खुरप्याने वरची दोन इंच माती मोकळी करून ती भेगांत ढकला, सोबत कुजलेलं शेणखत. पाणी दोनदा विभागून द्या : पहिलं ३०-४० लिटर, मग तासभर थांबून उरलेलं. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की परत हलकी खुरपणी करून तीन-चार इंच आच्छादन घाला. केळीची वाळलेली पानं, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचं कुटार, जे हाताशी असेल ते. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात केळीची पानं फुकट मिळतात. एवढंच सांभाळा की आच्छादन बुंध्याला टेकता कामा नये. एक वीत जागा मोकळी सोडा, नाहीतर उधई लागते.

डिंकाच्या जागी धारदार चाकूने डिंक आणि काळी पडलेली साल हिरवट-पांढरी निरोगी साल दिसेपर्यंत खरवडा. खरवड गोळा करून जाळा, चाकू स्पिरिटने पुसा. मग बोर्डो मलम लावा : १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. चुना विरून थंड झाला की दोन्ही एकत्र ढवळा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका. मलमात स्वच्छ लोखंडी पातं क्षणभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालं आहे, थोडा चुना वाढवा. खोडाला जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत ब्रशने लावा आणि त्याच दिवशी संपवा, शिळं मलम कामाचं नाही. आता एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडायच्या आत बाहेरचा वरंबा उताराकडून फोडा. काळ्या जमिनीत आळ्यात साचलेलं पावसाचं पाणी दोन-दोन दिवस उतरत नाही.

प्रश्न : फावडं, टिकाव, कुदळ, खुरपी, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) हे सगळं मागच्या पत्र्याच्या खोलीत युरियाच्या गोण्यांशेजारी उभं करून ठेवतो. पावसाळ्यानंतर काढलं तर गंजलेलं. उन्हाळ्यात दांडे ढिले होतात, म्हणून आदल्या रात्री पाण्यात भिजत घालतो, पण पुन्हा ढिले. काय करावं? (एक वाचक, धुळे)

उत्तर : पत्रात तीन कारणं तुम्हीच लिहून पाठवली आहेत. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. गोणीतून सांडलेले दाणे आणि त्यांचं पाणी लोखंडाला लागलं की गंज वेगाने चढतो. मातीची जमीन खालून ओल देते आणि अवजाराचं पातं नेमकं तिच्यावर टेकलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत दिवसाचं तापमान आणि रात्रीचं तापमान यांत इतका फरक असतो की पावसाळ्याच्या शेवटी आणि थंडीत पहाटे पत्र्याच्या आतून थेंब गळतात. ते थेंब कुठे पडतात, ते एकदा बॅटरी घेऊन बघा.

म्हणून खतं आधी दुसरीकडे हलवा. अवजारं भिंतीला टांगा. फळीवर प्रत्येक दांड्यासाठी दोन-दोन मोठे खिळे, त्यांत फावडं-टिकावाचं डोकं अडकेल असं, पातं भिंतीकडे, दांडा खाली आणि जमिनीपासून किमान वीतभर वर. भिंत ओलसर असेल तर फळीमागे लाकडी पट्ट्या ठोकून बोटभर पोकळी ठेवा.

पावसाळ्यापूर्वीची तयारी एकदा नीट केली की वर्षभर बघावं लागत नाही. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने जातो. खोल गंजाला लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं ते, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम. खुरप्याचं पातं त्यात रात्रभर बुडवून ठेवा, लाकडी मूठ बाहेर. सकाळी घासून धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि लगेच फडक्याने कोरडं करून उन्हात दहा मिनिटं ठेवा. इथे उशीर केलात तर तासाभरात नारिंगी पापुद्रा परत येतो. सिकेटरची स्प्रिंग मात्र आधी काढून घ्या. ती आम्लात जास्त वेळ राहिली तर ठिसूळ होऊन मोडते.

नंतर तेल. पात्यावर अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या, फडक्याने पुसून घेतल्यासारखा. शेंगदाण्याचं तेल काही जण लावतात. ते चिकट होतं, धूळ धरतं आणि उंदीर-मुंग्यांना बोलावतं. सिकेटरच्या खिळीला शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. जाड अवजारांसाठी एक जुनी युक्ती चांगली आहे. बादलीत कोरडी जाडी वाळू भरायची, १० किलोला पाव लिटर अळशीचं तेल कालवायचं आणि काम संपलं की खुरपं-कुदळ तीन-चारदा त्यात खुपसून काढायची. माती निघते आणि तेलाचा हातही लागतो. सिकेटर आणि विळा त्यात घालू नका, धार मरते. मोटारसायकलचं काढलेलं काळं ऑइलही नको. ते शेवटी तुमच्या भाजीच्या वाफ्यातच जाणार.

एक इशारा, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो हलक्यावर घेऊ नका. अळशीच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यातून ती बाहेर पडत नाही आणि कोणी काडी न ओढता फडकं पेट घेतं. फडकं मोकळ्या जागी दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

आता दांडा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात लाकूड आकसतं आणि नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या लोखंडी भोकात, खेळायला लागतं. पाण्यात भिजवलं की लाकूड फुगतं, पण लोखंडी नेढं त्याला बाहेर पसरू देत नाही, त्यामुळे लाकडाचे तंतू चेपले जातात. परत वाळलं की दांडा आधीपेक्षा बारीक. म्हणून दर वेळी ढिलेपणा वाढतो. खरा उपाय पाचर. दांडा काढून टोक तासून बरोबर बसवा. टोकाला मध्यावर करवतीने नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश इतकी चीर द्या, डोकं ठोकून बसवा आणि चिरेत बाभळीची वाळलेली पाचर तेल लावून ठोका. नेढ्याबाहेर आलेलं टोक कापून टाकू नका, बोटभर राहू द्या. हा चीर-पाचरीचा उपाय फावड्या-कुदळींसाठी झाला. टिकावाचा दांडा वरून घालतात आणि त्याचं जाड टोक नेढ्यात अडकतं, तो पाचरीशिवायही उलटा आपटून घट्ट होतो. संपूर्ण दांड्याला, विशेषतः टोकाला, कच्च्या अळशीच्या तेलाचे तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर दोन-तीन दिवस वाळू द्या. आणि दुपारी काम थांबवताना अवजार उन्हात टाकून जेवायला जाऊ नका.

सिकेटरच्या धारेबद्दल थोडक्यात : दोन पात्यांपैकी फक्त वक्र, धारेच्या पात्याला घासायचं, तेही उतरत्या बाजूनेच, मूळ कोन राखून, बारीक दगडावर एकाच दिशेने. सपाट बाजू दगडावर आडवी ठेवून फक्त एकदा फिरवा, वर आलेली कीस निघून जाते. सपाट बाजू घासली तर दोन पात्यांत फट पडते आणि मग फांदी कापली जाण्याऐवजी चेमटते.

प्रश्न : शेतातला पाठीवरचा पंप घरी आणून टोमॅटो-मिरचीवर निंबोळी अर्क फवारला. तीन दिवसांत शेंड्याची पानं दोरीसारखी बारीक झाली, खोड वाकडंतिकडं झालं. अर्क जास्त झाला का? (एक वाचक, शहादा तालुका)

उत्तर : निंबोळी अर्काने असं होत नाही. फार तर पानाच्या कडा करपतात. पंपात आधी गव्हातल्या, ज्वारीतल्या किंवा उसातल्या रुंद पानाच्या तणांसाठी २,४-डी मारलं होतं का, ते घरात विचारा. टोमॅटो आणि कापूस या तणनाशकाला इतके हळवे आहेत की टाकीच्या तळाला, नळीत आणि वायसरमध्ये राहिलेला अंशही पुरतो. फवारलेली सगळी झाडं एकाच वेळी बिघडली, जुनी पानं बरी आणि फक्त नवी पानं अरुंद, शिरा समांतर, तर तेच. पांढऱ्या माशीने येणाऱ्या चुरडा-मुरड्यात झाडं एक-एक करून बिघडतात आणि पानं कडेने वर वळून पिवळी पडतात.

यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. जास्त बिघडलेली झाडं उपटा, त्यांची फळं खाऊ नका.

पंप असा धुवा : तीनदा साध्या पाण्याने, दर वेळी लान्समधूनही (फवारायच्या दांडीतूनही) पाणी सोडून. मग १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून टाकी भरा, थोडं पाणी नोझलमधून काढा म्हणजे नळीही भरते, आणि रात्रभर ठेवा. सकाळी रिकामी करून परत दोनदा धुवा. नोझल, त्यातली जाळी, वायसर सुटे करून त्याच पाण्यात भिजवा, जुने वायसर बदललेले बरे. हे पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा भाजीत नको, पडीक बांधावर ओता. मग एखाद्या टाकाऊ टोमॅटोच्या रोपावर साधं पाणी फवारून चार दिवस बघा. एवढं करूनही आमचा सल्ला हाच राहील की तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्याच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा आणि तो परसात आणू नका. ठेवताना दट्ट्याचा दाब सोडून, झाकण उघडं, टाकी पालथी. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, जुना टूथब्रश पुरतो.

प्रश्न : गच्चीवर तीन फुटी स्टँडवर टाकी आहे. तिच्यावर ४ लिटरचे ड्रिपर लावून तीस कुंड्यांना ठिबक केलं. पहिल्या कुंड्या भिजतात, शेवटच्या कोरड्या. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : ड्रिपरवर छापलेलं '४ लिटर' हे ताशी, आणि एक किलो दाबाला. तेवढ्या दाबासाठी टाकी १० मीटर उंच हवी. तुमची आहे एक मीटरवर, म्हणजे दाब एक-दशांश. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाने घटतं, त्यामुळे तुमच्या ड्रिपरमधून तासाला जेमतेम सव्वा लिटर पाणी येत असणार. तेही टाकी भरलेली असताना. दाब राखणारे म्हणून महाग विकले जाणारे ड्रिपर इथे उपयोगाचे नाहीत. त्यांना चालू व्हायलाच यापेक्षा जास्त दाब लागतो.

इतक्या कमी दाबाला अर्ध्या फुटाचा चढ-उतारही भारी पडतो. नळी कठड्यावरून वर जाऊन खाली उतरली असेल तर त्या कमानीत हवा अडकते आणि पुढचं पाणी थांबतं. जळगाव जिल्ह्यात ठिबकचं सामान गल्लोगल्ली मिळतं, तेव्हा मुख्य नळी १६ मिलिमीटरची काळी घ्या, ती जमिनीलगत सपाट टाका आणि दोन्ही टोकं टी-जोडाने टाकीच्या एकाच नळीला जोडून कडं पूर्ण करा, म्हणजे पाणी दोन्हीकडून येतं. ८ लिटरचे, उघडून साफ करता येणारे ड्रिपर लावा. त्यांतून तासाला अडीच लिटरच्या आसपास मिळेल, पाऊण तास पुरेल. कुंड्या शक्यतो एका पातळीवर. टाकीच्या तोंडाशी जाळीची गाळणी हवीच, पण जरा मोठी. छोटी गाळणी तुमचा होता नव्हता तो दाब खाऊन टाकते.

पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली पेले ठेवून पंधरा मिनिटांचं पाणी मोजा. फरक फार असेल तर आत क्षार आहेत. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर बसतो. ड्रिपर उघडून लिटरला २० ग्रॅम लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. हिरवी बुळबुळ असेल तर नळीत ऊन शिरतं आहे, पारदर्शक नळी काढून टाका. खारी नळ्या कुरतडत असतील तर जवळ पाण्याचं पसरट भांडं भरून ठेवा, कुरतडणं बरंच कमी होतं.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस माहेरी जायचं आहे. मागे कोणी नाही. बाटल्या उलट्या खोचून ठेवल्या तर चालेल का? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : बाटली बहुतेक दिवसाभरात रिकामी होते, आठ दिवस नाही. आखाजी नेमकी उन्हाच्या कडाक्यात येते, म्हणून भरवसा दुसऱ्या सोयीवर ठेवा. कुंड्या घराच्या उत्तरेला, भिंतीच्या सावलीत आणा. फुलं, कळ्या आणि फार कोवळे शेंडे खुडा, पानांचा पसारा कमी तेवढं पाणी कमी उडतं. निघण्याआधी आठवडाभर खत देऊ नका. मोठ्या घमेल्यात किंवा टबात तीन इंच वाळू पसरा, ती पाण्याने पूर्ण भिजवा आणि भोकं असलेल्या कुंड्या थोड्या दाबून तिच्यावर बसवा. माती तळातून पाणी ओढत राहते. पाणी वाळूच्या वर दिसू देऊ नका, नाहीतर डास होतात. आठ दिवसांसाठी शेजारी पाण्याची बादली उंचावर ठेवून सुती काकड्याची वात तिच्यातून वाळूत सोडा. आदल्या दिवशी करून बघा, वात किती पाणी ओढते ते कळतं.

वाफ्यातल्या झाडांना माठ पुरा. पाच ते आठ लिटरचा, रंग न दिलेला, बिनचकाकीचा माठ मानेपर्यंत मातीत, झाडापासून एक-दीड फुटावर, तोंडावर दगड किंवा झाकण. त्याच्या भिंतीतून पाणी पाझरतं आणि माती ओली असली की पाझर आपोआप मंदावतो. जड पाण्याने दोन-तीन हंगामांत छिद्रं बुजतात, तेव्हा काढून काथ्याने घासा. पाझरत नसेल तर नवा घ्या. नळाला लावायचा बॅटरीचा टायमर घेणार असाल तर टाकीच्या कमी दाबावर चालणारा, आत बॉल व्हॉल्व्ह असलेला मागा. दुसऱ्या जातीचा उघडतच नाही. आणि तो निघायच्या चार दिवस आधी लावून बघा.

प्रश्न : फिल्टरचं वाया जाणारं पाणी आणि कपडे धुतलेलं पाणी झाडांना चालतं का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : फिल्टरच्या वाया जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. कुंडीला रोज दिलं तर काठावर पांढरी पुटं आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. फरशी धुवा त्याने. फारच अडलं तर साध्या पाण्यात निम्मं मिसळून वाफ्यातल्या मोठ्या झाडांना द्या आणि महिन्यातून एकदा साधं पाणी भरपूर देऊन क्षार खाली उतरवा. कुंड्यांनाही हेच : महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश घालून तळातून जाऊ द्या. साबणाच्या पाण्यातला सोडियम काळ्या मातीला चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न जिरणारी, करतो, मग पाणी वर तळं करून राहतं. ते नकोच. एसीतून ठिबकणारं पाणी आणि तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल घाला.

प्रश्न : पाइप एका उन्हाळ्यात तडकतो. झारीही. (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : नळ बंद केल्यावर पाइपच्या टोकाची तोटी उघडून आतलं पाणी सोडा. भरलेला, दोन्हीकडून बंद पाइप उन्हात तापला की फुगतो आणि जोडापाशी फुटतो. खिळ्याला लटकवला तर तिथे कायमची घडी पडते, म्हणून सावलीतल्या भिंतीवर सायकलची जुनी रिम ठोका आणि तिच्यावर दोन फूट व्यासाची वेटोळी घाला. पाणी घालताना पाइपमध्ये राहिलेलं पहिलं गरम पाणी बादलीत काढा. जोडाला पितळी कनेक्टर आणि क्लिप, प्लॅस्टिकची नको. झारी रिकामी करून पालथी ठेवा. उन्हाळ्यात डासाची अळी आठ-दहा दिवसांत उडायला तयार होते, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. बागेच्या ड्रमला सुती कापड दोरीने घट्ट बांधा आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून आतून घासून कोरडा करा. अंडी पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.